फायरप्लेसमधले देव

मोरेश्वर साठ्यांनी मुलाकडे तोंड उघडून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. अमेरिकेत मॉरिसव्हिलला प्रसादकडे राहायला येऊन चार वर्षं झाली होती. थंडीत त्यांची बोटं अशी आखडत की शर्टाची बटणंही बायकोकडून लावून घ्यावी लागत. शेवटी एकदा जेवताना ताटाकडे बघतच ते म्हणाले, "प्रसाद, त्या फायरप्लेसला गॅस आणता येईल का रे?"

"एवढंच ना बाबा? करून टाकू."

पण ते एवढंच नव्हतं. आधी परमिट अडकलं. मग फिटर तारखा देऊन आलाच नाही, आणि आला तेव्हा पाइप कमी पडला. तो पुरा झाला, तर इन्स्पेक्टरने घराखालचा एक सांधा नापास केला. अर्धी थंडी अशीच सरली. मोरेश्वरराव चरफडत, पण मनातल्या मनात.

एकदाचा पाइप पास झाला. बर्नर बसवायला फिटर आला, आत वाकला आणि मागे सरला. "सर, हे हलवावं लागेल."

हे म्हणजे त्यांच्या बायकोचे, नीलांबरीबाईंचे देव. ती फायरप्लेस कधी कोणी पेटवलीच नव्हती, म्हणून त्यांनी आल्याआल्या तिथे पाट मांडला होता. घरात दुसरीकडे कुठेही उदबत्ती लावली की धुराचा अलार्म बोंबलायचा. इथला धूर मुकाट्याने चिमणीतून जायचा. पाइप फायरप्लेसच्या कडेने आला, तेव्हा गॅसची शेगडी तिच्या बाहेर, पुढ्यातच ठेवणार असं बाई धरून चालल्या होत्या.

"अगं, देव किचनमध्ये ने. पंखा लावला की झालं," मोरेश्वरराव म्हणाले.

पंख्याखाली उदबत्ती लावून पाहिली. अलार्म बोंबलला. वरून नातू ओरडला, "आजी, नॉट अगेन!"

"आई, बॅटरीची उदबत्ती मिळते यार आता," प्रसाद म्हणाला.

"मिळते ना? मग बॅटरीचा गणपतीही ऑर्डर कर."

एवढं बोलून त्या उठल्या. "हलवते. मी कुठे नाही म्हणतेय?" आणि खरंच एकेक मूर्ती उचलून ताम्हनात ठेवू लागल्या.

मोरेश्वररावांना ते बघवेना. या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच जागा होती, आणि हे त्यांना नेमकं आता, सगळं होऊन बसल्यावर सुचत होतं.

"राहू दे," ते म्हणाले. फिटरकडे वळून म्हणाले, "पाइप बंद करून टाका."

"नक्की ना, सर?" त्याने पुन्हा विचारलं. त्यांनी मान हलवली.

"बाबा, मग हे सगळं केलं कशाला?" प्रसाद वैतागून म्हणाला. "आधी आईला विचारायचं तरी."

नीलांबरीबाई मूर्ती परत पाटावर मांडत होत्या. त्यांच्या बाजूला गुडघे टेकून फिटर पान्याने पाइपच्या तोंडावरचं टोपण आवळत होता, आणि मोरेश्वरराव दोन्ही हात काखेत घालून ते घट्ट बसेपर्यंत बघत उभे राहिले.