मामांनी टाकलेला शब्द

माझ्या नोकरीच्या मुलाखतीला आमच्या घरातून आम्ही चौघं बसलो होतो, आणि साहेबांचं मत उरलेल्या तिघांबद्दल जास्त चांगलं झालं.

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीनं मला नारळ देऊन बरेच महिने झाले होते. आमच्या गावात, राहूत, मात्र आई सगळ्यांना सांगायची, "आमची घरनंच काम करती." त्यामुळे नव्या कंपनीची ही लॅपटॉपवरची शेवटची फेरी हातची गेली, तर माझ्याबरोबर आईचीही गावात शोभा होणार होती! रेंज फक्त पुढच्या खोलीत. मी दाराला कडी लावणार, तेवढ्यात वडगाव रासाईहून मामा आले. मामा म्हणजे शब्द टाकणारा माणूस. पतसंस्था असो नाहीतर दूध डेअरी, त्यांनी शब्द टाकल्याशिवाय आमच्या नात्यात कुणी कुठं चिकटलेलं नाही.

"मामा, इथं शब्दबिब्द चालत नाही. तुम्ही आत बसा बरं."

"आगं, मी कुठं बोलतोय? नुसता बसतो. आपलं माणूस जवळ आसलं की बळ येतं."

माझ्या मागं बसलं तर कॅमेऱ्यात दिसणार. म्हणून मामा, माझे वडील अप्पा आणि आई लॅपटॉपच्या पलीकडे, माझ्या समोरच सतरंजीवर बसले.

साहेब प्रश्न विचारू लागले. मी उत्तर दिलं की मामा मान डोलवायचे. मी अडखळले की आई पदर तोंडाला लावायची. (ती सारखाच लावत होती.) माझे डोळे काही स्क्रीनवर टिकेनात.

"मॅडम, वर कुणाकडे बघताय?"

"कुणाकडे नाही, सर. एकटीच आहे." (अख्ख्या मुलाखतीत न अडखळता दिलेलं हे एकमेव उत्तर!)

"मग जरा कॅमेरा फिरवून खोली दाखवा."

फिरवला. करते काय! तिघंही उठून उभे राहिले आणि त्यांनी ओळीनं हात जोडले. लाजेनं मला त्या सतरंजीखाली शिरावंसं वाटलं.

"हे तुम्हाला उत्तरं सांगतायत का?"

झालं! मामांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "राम राम, साहेब. मी पोरीचा मामा. पोरगी गरीब हाय, उलटून बोलत न्हाई. आन् कॉपीचं म्हणाल, तर देवाशप्पथ सांगतो, आमच्यात कुणाला यातलं ओ का ठो कळत न्हाई. जेवढं चुकलंय, तेवढं तिचं तिनंच चुकवलंय!"

अप्पांना राहवलं नाही. "व्हय साहेब. ल्हानपणापास्नं आसंच हाय तिचं."

साहेब पहिल्यांदाच हसले. मामांनी त्यांना हुरड्याचं आमंत्रणही देऊन टाकलं.

संध्याकाळी मेल आली. कॉपीबद्दल अवाक्षर नव्हतं. नकाराचं कारण एकच, विषयाचं ज्ञान कमी पडतं. मी मान खाली घालून वाचून दाखवलं, तर मामांनी मिशीवरनं हात फिरवला.

"बघ, माझा शब्द त्यांनी खाली पडू दिला न्हाई!"

आईनं मात्र त्या दिवसापासून गावात खोटं बोलायचं सोडलं. आता कुणी विचारलं की ती सरळ सांगते, "आमची घरनंच इंटरव्ह्यू देती."