नसरीननं लिहिलेला ड्रायव्हर

नसरीन गेली.

आज सकाळी, अकोल्यात, स्वतःच्या घरी. कॅन्सर होता. तिनं कुणाला फारसं कळू दिलं नाही.

तुमच्यातले बरेच जण तिला ओळखत नाहीत. म्हणून लिहिते आहे.

अमरावतीला इंजिनीअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. नंतर सगळी बॅच पुण्याला पळाली. आम्ही दोघी अकोल्यात, जठारपेठेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही.

नसरीन ड्रायव्हर लिहायची. म्हणजे कॉम्प्युटरला त्याच्यातलं एखादं कार्ड कसं वापरायचं हे सांगणारं सॉफ्टवेअर.

तिची अम्मी मोहल्ल्यात अभिमानानं सांगायची, "मेरी नसरीन ड्रायव्हर है."

बायका विचारायच्या, "ट्रक की बस?"

ती वर्षं वऱ्हाडासाठी वाईट होती. सकाळी पेपर उघडायची हिंमत होत नसे, रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्यात फवारणीच्या दिवसांत मजुरांना विषबाधा व्हायची. तालुक्याच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर नसायचे.

तेव्हा अकोल्यातल्या एका हॉस्पिटलनं तालुक्यांशी व्हिडिओ लाइन जोडली. तिकडचा डॉक्टर पेशंट दाखवणार, इकडचे मोठे डॉक्टर उपचार सांगणार. त्या सर्व्हरचं काम आमच्याकडे आलं.

सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डं होती. एक बंद पडलं की दुसऱ्यानं काम उचलायचं. इथपर्यंत ठीक.

पण मेलेलं कार्ड बदलताना घोळ व्हायचा. सॉफ्टवेअरला आधी शिकवून ठेवलेलीच कार्डं ओळखू यायची. दुसऱ्या कंपनीचं घातलं, की ते कार्ड त्याच्या लेखी नव्हतंच. मग सगळं बंद करा, नवीन नाव भरा, परत सुरू करा.

तोवर लाइन ठप्प.

आमचे सर म्हणाले, "आणखी दहा-वीस कंपन्यांची नावं टाकून दे."

नसरीन म्हणाली, "सर, किती नावं टाकसान? बाजारात रोज नवीन कार्ड येऊन राहिलं. त्याले नाव कशाले इचारायचं? काम येते का, ते इचारू ना."

"आणि भलतंच कार्ड घेतलं तर?"

"म्हणून तं आधी त्याले एक निरोप धाडाले लावीन. जुन्या कार्डापर्यंत पोहचला, तं दोघं एकाच नेटवर्कवर. नाई पोहचला, तं बस म्हणा बाजूले."

सरांना पटलं नाही. तिनं तरीही लिहायला घेतलं. महिनोन्महिने. चालू सर्व्हरमधून कार्ड उपसायची, दुसरंच खुपसायची, पडद्याकडे बघत बसायची. फसलं की स्वतःवरच ओरडायची, "काहून वं नसरीन, झोपली होती का?"

एक दिवस ते जमलं. सरांनी स्वतः चार वेळा कार्ड बदलून पाहिलं, आणि हॉस्पिटलमध्ये बसवायला परवानगी दिली.

त्यानंतरच्याच फवारणीच्या हंगामातली गोष्ट. आदल्या दिवशी वीज पडून एक कार्ड जळालं होतं. दुसरं कसंबसं चालत होतं. आम्ही दोघी भर दुपारी बदली कार्ड घेऊन पोहोचलो. बाजारात मिळालं ते, वेगळ्याच कंपनीचं.

पडद्यावर तेल्हारा तालुक्याचा दवाखाना होता. फवारताना विषबाधा झालेली एक मजूर बाई, माझ्याच वयाची. तिथला डॉक्टर नवखा. इकडचे डॉक्टर मिनिटामिनिटाला औषधाचा डोस सांगत होते.

चित्र अडकायला लागलं. आवाज तुटायला लागला.

डॉक्टर ओरडले, "काहीही करा, पण लाइन बंद करू नका!"

नसरीन म्हणाली, "नाई करत, सर."

आणि चालू मशीनमध्ये तिनं ते कार्ड घातलं.

मी सर्व्हरच्या पडद्याकडे बघत होते.

पडद्यावर ओळ आली. कार्ड सापडलं. निरोप पोहोचला. कार्ड जोडीला घेतलं.

थोड्याच वेळात जुनं कार्ड पूर्ण बंद पडलं. चित्र क्षणभर थांबलं. मग तेल्हाऱ्याहून आवाज आला, "सर, ऐकू येतंय. पुढचा डोस सांगा."

नसरीन खुर्चीत बसली. मला म्हणाली, "विद्ये, पाणी दे वं."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः तेल्हाऱ्याला फोन लावला. एवढंच विचारलं, "ते बाई उठून बसली का?"

बसली होती.

पुढे तिचं ते काम एका मोठ्या कंपनीनं घेतलं. पुण्याची नोकरीही देऊ केली. ती गेली नाही. म्हणाली, "इथं काय कमी काम हाय?" शेवटपर्यंत इथेच राहिली. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली आज कुठे कुठे आहेत!

आज तिच्या घरी बायका जमल्या होत्या. कुणीतरी हळूच विचारलं, नसरीन नेमकं काय करायची?

मी सांगितलं. सगळं. जसं इथे लिहिलं तसं.

संपल्यावर अम्मीनं माझा हात धरला.

"तेल्हारेवाली बात फिर से बता, बेटा."

मी परत सांगितली.

नसरीन, तुझी मैत्रीण म्हणून मी फार ताठ मानेनं जगले वं.

खुदा हाफिज. भरल्या मनानं तुला निरोप.