तिसऱ्या बाजूवरचा खोकला

भिंगवाल्याबद्दल सांगायचं तर आधी त्याच्या हातांबद्दल सांगायला हवं. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून त्यानं चौतीस वर्षं काचा घासल्या. केसाएवढी चूक त्याच्या बोटाला कळायची. घरी रेकॉर्ड पाकिटातून काढताना तिच्या खाचांना त्याचं बोट कधी लागलेलं मी पाहिलं नाही. कडेला तळहात, मधल्या कागदी गोलावर बोटांची टोकं, बस्स. सुईवरची धूळ तो मऊ कुंचल्यानं मागून पुढे झटकायचा, पुढून मागे कधीच नाही.

जीभ मात्र या हातांच्या अगदी उलट. "सर, नंबर वाढलाय की अक्कल कमी झालीये?" असं त्यानं मला, तीस वर्षं शेजारी राहणाऱ्याला, भर दुकानात विचारलं होतं. नंबरच वाढला होता, आणि काच त्यानं इतकी सुरेख बसवून दिली की मी राग विसरलो. सगळे असे विसरत नसत.

त्याचा धाकटा भाऊ टायरवाला. कोपऱ्यावर त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. थोरला काटक, धाकटा आडव्या बांध्याचा. तापटपणात दोघं सारखे. वडिलांच्या घराचे दोन भाग करून ते राहत, मध्ये एका विटेची भिंत. अकरा वर्षं त्या भिंतीतून व्हायोलिन जायचं, शिव्या जायच्या, पण दोघांतून विस्तव जात नव्हता.

भांडण रेकॉर्डवरूनच झालं. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा मला मध्यस्थ म्हणून बसवलं होतं. खोल्या, कपाटं, भांडी यांवरून कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. शेवटी वडिलांच्या रेकॉर्ड उरल्या. टायरवाला म्हणाला, "दादा, तू निवड. उरतील त्या मला." तिथेच मिटायचं. पण भिंगवाल्याला त्यात डाव दिसला.

"म्हणजे उद्या गल्लीभर सांगायला मोकळा, दादानं चांगल्या चांगल्या उचलल्या म्हणून! ते नाही चालायचं. ढिगातली वरची उचलायची. एक तुला, एक मला. खोका, पाकीट काही बघायचं नाही, तबकडी मोजायची."

ढिगाच्या तळाशी वडिलांचा जीव की प्राण असा एक खोका होता. एका व्हायोलिनवाल्याची मैफल, दोन रेकॉर्डवर. चारही बाजूंना मिळून एकच लांबलचक वादन.

"ही जोडी आहे, दादा. फोडू नको."

"ठरलं ते ठरलं."

जोडी फुटली. आपण काय केलं ते भिंगवाल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिली बाजू संपल्यावर त्यानं रेकॉर्ड उलटली आणि एकदम शेवटच सुरू झाला. पूर्वी असे प्लेअर असत, त्यांत रेकॉर्डची चळत लावली की एक संपल्यावर दुसरी आपोआप खाली पडायची, आणि मग अख्खी चळत उलटी करून ठेवायची. त्या सोयीसाठी एका रेकॉर्डवर पहिली आणि चौथी बाजू होती, दुसरीवर दुसरी आणि तिसरी. लहानपणापासून दोघांना हे पाठ होतं, पण रागात पाठ केलेलं आठवत नाही, हे मी वर्गातही पाहिलं आहे. थोरल्याकडे आरंभ आणि शेवट आला, धाकट्याकडे मधलं सगळं. रिकामा खोका थोरल्यानं ठेवून घेतला. धाकट्याची रेकॉर्ड शर्टाच्या खोक्यात राहिली.

आणि तिसऱ्या बाजूवर वडील होते. ती मैफल रेकॉर्ड झाली तेव्हा ते सभागृहात पुढच्या रांगेत बसले होते. वादन अगदी हळू होत जातं, एकच सूर उरतो, तिथे कोणीतरी खोकतं. दोन ठसके, दुसरा रुमालात दाबलेला. तो खोकला आपला, असं वडील शेवटपर्यंत सांगत. आई म्हणायची, "तिकीट काढून खोकायला गेले होते." पण ती जागा जवळ आली की तीही हातातलं काम थांबवायची आणि सगळं घर गप्प बसायचं.

भिंगवाल्याला ती रेकॉर्ड हवी होती. टायरवाल्याची अट एकच, "त्यानं माझ्या दारात यावं आणि तोंडानं मागावी." यावर थोरल्याचं उत्तर, "दारात? त्याच्या पायरीवर माझ्या चपलेची धूळ पडणार नाही." दोघांच्या बायका मागच्या अंगणात एकाच दोरीवर कपडे वाळत घालायच्या आणि हे निरोप शिव्या गाळून पोचवायच्या. त्यामुळे निरोप फार छोटे होत.

तीन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी भिंगवाल्याला सांगितलं, डावा कान गेलाच आहे, उजवाही हळूहळू जाईल, यंत्रानंही फार भागणार नाही. हे त्यानं बायकोशिवाय कोणाला कळू दिलं नाही. फक्त प्लेअरचा आवाज वाढवत नेला. पलीकडे टायरवाल्याचा तिळपापड झाला. त्याला वाटलं, हा मुद्दाम छळतोय. त्यानं आपला स्पीकर उचलला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि संध्याकाळी सहाला दुकानातून आल्यावर भिंतीवर मुठीचा एक दणका देऊन तिसरी बाजू लावली. "घे! बस आता रिकामा खोका कवटाळून!"

तेव्हा मी भिंगवाल्याकडेच होतो. पहिला सूर आला तसा तो उठला आणि उजवा कान भिंतीला लावून उभा राहिला. डोळे मिटलेले. मग एकाएकी त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली आणि भिंत बडवायला लागला. "बंद कर, हलकटा! कान किटले!"

तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "गप्प बसलो तर उद्या नाही लावायचा तो. मला गोड लागतंय असं कळलं की संपलंच." मग त्यानं कानाचं सांगितलं.

"अरे, मग जाऊन सांग ना त्याला. देईल तो."

"कीव करून दिलेली नको मला. शिव्या देऊन लावतोय तीच बरी. आणि सर, तिकडे ब्र काढलात तर तुमच्या चष्म्याची काच मीच येऊन फोडीन."

मी शब्द दिला. पुढे रोज तेच. सहाला मुठीचा दणका, व्हायोलिन, काठी, शिव्या. दणक्यानंतर बाराव्या मिनिटाला काठी थांबायची, खोकला होऊन गेला की पुन्हा चालू. टायरवाला खुशीत येऊन मला सांगायचा, "मधेच दमतो बघा म्हातारा."

गेल्या वर्षी एका संध्याकाळी टायरवाल्यानं मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा भिंतीला दणका देऊन नुकतीच रेकॉर्ड लावली होती. खोली व्हायोलिननं दणाणत होती, पलीकडून काठी चालू होती आणि भिंतीचे पोपडे खाली पडत होते.

"बसा सर. वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचाय. तुमच्या अक्षरात द्या लिहून. त्याची काठी कायद्यानं बंद करतो."

"अहो, पण रोज आधी लावता तुम्हीच," त्याची बायको म्हणाली.

"तू त्याची वकील आहेस का?"

"मी कोणाची नाही. मला रोज पोपडे झाडावे लागतात."

मी कागद गुडघ्यावर घेतला. 'विषय' एवढं लिहिलं आणि म्हणालो, "आधी ते थांबव. काय सांगतोयस ते ऐकू येत नाही मला."

त्यानं सुई उचलून ठेवली. खोली शांत झाली. पलीकडून काठी चालूच.

"बंद कर, नालायका! डोकं उठलं माझं!"

टायरवाला हसला. "बघितलंत? बंद केलंय तरी बोंबलतोय. इतका खोटारडा माणूस जन्मात..."

तो भिंतीकडे बघत राहिला. काठी पडत होती, "बंद कर" चालू होतं, आणि मधे प्लेअरवरची रेकॉर्ड मुकी फिरत होती. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. असं बराच वेळ चाललं. मग काठी थांबली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून बारा मिनिटं.

"खोकला," त्याची बायको हळू आवाजात म्हणाली.

पलीकडे तो कान भिंतीला लावून उभा असणार, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मिनिटभरानं काठी पुन्हा सुरू झाली.

टायरवाला माझ्याकडे वळला. "सर, कधीपासून?"

"मी काही बोललेलो नाही," मी म्हणालो. "मी फक्त 'विषय' लिहिलाय."

त्यानं माझ्या मांडीवरचा कागद घेतला, त्याची घट्ट घडी केली आणि हलणाऱ्या स्पीकरच्या पायाखाली सारली. स्पीकर पुढे ढकलून भिंतीला अगदी चिकटवला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग तिसऱ्या बाजूच्या सुरुवातीला सुई टेकवली. त्याचे टायर उचलणारे हात, पण सुईचा आवाज आला नाही. त्यानं दोन्ही मुठींनी भिंतीवर दणका दिला आणि गल्लीतली दारं उघडतील एवढ्या मोठ्यानं ओरडला.

"नाही करत बंद! रोज लावणार! काय उखडायचं ते उखड, दादा!"

काठी थांबली. भिंत थरथरत होती. मग पलीकडून भिंगवाल्याचा आवाज आला, त्याच्याइतकाच मोठा.

"हळू ओरड, मूर्खा! बहिरा नाहीये मी!"