जुव्यावरची गाठ

ती होडी राखणदाराने सोडली नव्हती. मी सोडली होती.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. कुणकेश्वराला दरवर्षी जातो, पिंडीसमोर उभा राहतो, घरादाराचं सगळं मागतो आणि एवढ्या एका विषयाला बगल देऊन बाहेर येतो. देवाला ठाऊक असणारच, पण आपण होऊन कशाला विषय काढा, असा माझा एकंदर स्वभाव.

भाऊबीज होती. बायकोचा धाकटा भाऊ ओवाळून घ्यायला आमच्याकडे जामसंड्याला आला होता. तो शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून घरातही सगळे त्याला मास्तरच म्हणतात. पण जिल्ह्यात त्याची खरी ओळख म्हणजे त्याची पत्र्याची पेटी. सुट्टी पडली की ती पेटी घेऊन तो गावोगाव जायचा आणि चमत्कार करून दाखवायचा. लिंबातून रक्त काढायचा, पेटता कापूर जिभेवर ठेवायचा, आणि मग हे सगळं कसं केलं ते पोरांना फोड करून सांगायचा. म्हातारे शिव्या घालायचे, पोरं त्याच्या मागून वेशीपर्यंत जायची. तो घरात असला की शेजारच्यांना कळायचं.

त्या दिवशी जेवताना त्याने फोन माझ्या ताटाशेजारी उभा केला. कुणी तरी तरुण पोरगा पाठीवर भली मोठी पिशवी घेऊन डोंगर चढत होता.

"भावजी, ह्या असा फिराचा. गाडी नाय, हॉटेल नाय. पाठीक पिशयी, एसटी, होडी आणि आपले पाय."

"ह्या वयात पिशयी पाठीक?" बायको म्हणाली. "शाळेत नाव घालतलास काय दोगांचा?"

मी काही बोललो नाही. आमच्या घरात मी काही बोललो नाही की होकार धरतात.

जागाही त्यानेच फोनवर शोधून ठेवली होती. 'खाडीच्या मधोमध, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं हेरिटेज कॉटेज. नितांत शांतता. नाश्ता समाविष्ट.' दर इतका कमी होता की मास्तरने दोनदा चष्मा पुसला. खाडीतल्या अशा बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. दोन-चार घरं, माडांची गर्दी आणि भोवती खारं पाणी. जुव्यावर हेरिटेज ते काय असणार, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. विचारला नाही.

दोन एसट्या बदलून आणि बरंच चालून आम्ही खाडीच्या काठावर पोचलो, तेव्हा माझ्या पाठीवरची पिशवी मला ओढून मागे पाडायला टपली होती. मालक होडी घेऊन उभाच होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, बोलका. होडी जुव्याला लागायच्या आधी त्याने उंडीच्या झाडाखालचा एक दगड दाखवला.

"तो आमचो राखणदार, जुव्याची राखण करणारो देव. पयलो नारळ तेका, मगे पाय जमनीर. काठावर दुकान होता, सांगूक इसारलंय. माझ्याकडसून घेवा."

मास्तरने वर माडांकडे पाहिलं. "ह्या जुव्यार नारळ किती लागतत वर्षाक?"

"कोण मोजता?"

"मगे तेका आमच्या एका नारळाची कसली कमी पडता? जाताना बघूया."

मालकाची काठी पाण्यात क्षणभर थांबली. "जशी आपली मर्जी," तो शुद्ध मराठीत म्हणाला. आमच्याकडचा माणूस घरच्या बोलीतून एकदम ऑफिसच्या मराठीत शिरला की तो रागावलाय हे ओळखायचं. मी ओळखलं. खिशात नारळापुरते पैसेही होते. ते खिशातच ठेवले.

हेरिटेज कॉटेज म्हणजे मालकाच्या आजोबांनी बांधलेला मांगर होता. मांगर म्हणजे जिथे गवत, जाळी आणि मोडकी औतं ठेवतात ती घरामागची जागा. गवत, जाळी आणि मोडकं औत अजून तिथेच होतं. त्यांच्यामधून वाट काढून दोन बाजा टाकल्या होत्या. भिंतीला नवा निळा रंग होता, तो टेकलं की शर्टाला लागायचा.

"ह्या सामान?" मास्तरने विचारलं.

"ता खंय नेवचा? तुमी दोन दिवस रवतलास, ता कायमचा आसा."

"आणि संडास?"

"आसा की! नवो कोरो." मालकाने लांब टोकाकडे बोट केलं. तिथे कमोडसकट एक सुंदर खोली खरंच उभी होती. मधली पायवाट मात्र पाण्याखाली होती. "भरती आसा मा आता. ओहोटी लागली काय वाट उघडी. अवस आताच झाली, म्हणान पाणी जरा मोठा."

"म्हणजे आमी पंचांग बघून जावचा?"

"आमी तसेच जातो," मालक अभिमानाने म्हणाला.

मी बाजेवर अंग टाकलं, तोच दारातून एक तांबडी कोंबडी आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी परका असल्यासारखी माझ्या पायाशी चढून गोधडी उकरू लागली. मी शुक शुक केलं तर मालकीण धावत आली.

"उठवू नकात तिका! अंडा घालूची जागा ती. तुमीच वायच उठा."

"वहिनी, आमी ही बाज भाड्यान घेतली आसा," मास्तर म्हणाला.

"नाश्तो भाड्यात धरलेलो आसा मा? मगे तो खयसून येतलो?"

त्यावर मास्तरने पुन्हा चष्मा पुसला. मी कोंबडीसाठी उठून बाहेर उभा राहिलो.

जेवण मात्र उत्तम होतं, हे सांगायला हवं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, गरम भात. मास्तरला सगळ्याचीच मजा वाटत होती. तो दर दहा मिनिटांनी म्हणत होता, "भावजी, ह्या खरा जगणा!" जेवणानंतर तो आणि मालक पडवीत शेजारी शेजारी आडवे झाले आणि एका सुरात घोरू लागले. मालकीण मागे भांडी घासत होती. मी मांगराकडे गेलो. कोंबडी अजून बसलेली होती. माझी पाठ दुखत होती, शर्ट निळा झाला होता, आणि अजून एक अख्खी रात्र, एक अख्खा दिवस बाकी होता.

माणसासारखा माणूस मेव्हण्याला उठवून म्हणाला असता, "माका हय रवाचा नाय." मला ते जमेना. त्यापेक्षा गुपचूप पळून जाणं मला सोपं वाटलं. पलीकडे पोचलो की होडी बांधायची आणि फोन करून सांगायचं की ऑफिसचं तातडीचं काम निघालं. कारणसुद्धा ठरवून झालं. पिशवी उचलून होडीपाशी आलो. मी पिशवी होडीत टाकली नाही, आधी गाठ सोडली. अनुभव नसला की क्रम चुकतो. गाठ मोठी चिवट होती, नखं दुखेपर्यंत झटलो. ती सुटली, आणि त्याच क्षणी मला आठवलं की माझा पंचा वाळत टाकलेला राहिला.

चांगला पंचा होता. दोर एका मुळाला नुसता वेढून मी परत गेलो. पंचा घेतला, झटकला, घडी घातली. परत आलो तर मुळाला दोर नव्हता. होडी खाडीच्या मधोमध, ओहोटीबरोबर, समुद्राच्या दिशेने शांतपणे चालली होती. माझ्यावाचून.

मी पिशवी मांगरात ठेवली, पंचा पुन्हा दोरीवर वाळत घातला आणि ओहोटीने उघडलेल्या वाटेने संडासाकडे चालत गेलो.

आरडाओरड ऐकू आल्यावरच परतलो. मालक खुंटाजवळ डोक्याला हात लावून उभा होता.

"गाठ सैल रवली असतली," मास्तर त्याला म्हणत होता.

"माझी गाठ?" मालक कडाडला. "बापाशीन शिकवलेली गाठ ती! आपणहून सुटणा नाय. एकतर माणसान सोडूक होयी, नायतर तेणा." आणि त्याने उंडीच्या झाडाकडे पाहिलं. मालकीणही तिकडे पाहू लागली. "नारळ देवक नाय मा तुमी," ती हळूच म्हणाली.

मास्तर हसला. तेव्हा तो अजून हसत होता. मग वर्गात सांगतो तसा बोटांवर मोजून सांगू लागला. "थांबा. नीट बघूया. गाठ मी उतरताना बघितलेली, घट्ट होती. मालक माझ्या बाजूक निजलेलो. वहिनी भांडी घासत होती, आवाज येय होतो." मग तो माझ्याकडे वळला. "भावजी, तुमी खंय होतास?"

"संडासाक," मी म्हणालो. "ओहोटी लागली म्हणान."

सगळ्यांनी वाळूवरची माझी पावलं पाहिली. ती थेट संडासाकडे जात होती आणि तिकडून येत होती. त्या घराची रचनाच अशी की भरती-ओहोटी माझी साक्षीदार झाली.

मास्तरने पुढे काही विचारलं नाही. त्याने मला खोटं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. खरं तर त्याने मला फारसं बोलतानाच पाहिलं नव्हतं. बोटांवर मोजता मोजता तो थांबला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे माणूस नाय."

पलीकडच्या होडीवाल्याला फोन लावला, तर तो मालवणात होता. सकाळी येतो म्हणाला. दिवेलागणीला मालकाने नारळ घेतला आणि आम्हाला दगडापुढे उभं केलं. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून आमच्या तोंडात हे असं बसलंय की वाक्य ऐकायच्या आधी होकार बाहेर पडतो.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या मास्तरान अज्ञानान तुझो मान चुकयलो, ती चूक पदरात घे!"

"होय म्हाराजा!" मालकीण आणि मी. मास्तर मान खाली घालून उभा.

"होडी जशी नेलस तशी सुखरूप आणून दी!"

"होय म्हाराजा!"

"आणि कोणा माणसान जर गाठ सोडल्यान आसात, तर तेणा हय येवन, आपल्या तोंडान, सगळ्यांच्या देखत सांगाक होया! तवसर तेच्या पोटाक सुख मेळाचा नाय!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मालकाने वळून कौतुकाने पाहिलंसुद्धा. काय कबूल केलं ते कळेपर्यंत नारळ फुटला होता.

त्यानंतर मला पित्ताचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणतात, चहा कमी करा.

सकाळी तो होडीवाला मालकाची होडी मागे बांधून घेऊन आला. रात्रीच्या भरतीने ती पलीकडच्या कांदळवनात नेऊन अडकवली होती, एक ओरखडाही नाही. सोमवार होता आणि रजा मागायचं मी आधी टाळलंच होतं, म्हणून आमच्या साहेबांना संदेश पाठवला: 'जुव्यावर अडकलो आहे, आज येणं जमणार नाही.' साहेब विदर्भाकडचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्यसन कुणालाही लागू शकतं हो. पत्ते की आकडा?" आमचा जुवा म्हणजे बेट, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी मान खाली घातली. वाटलं, न केलेल्या पापाची थोडी शिक्षा भोगली तर केलेल्याचं तेवढंच फिटेल. साहेब बदली होऊन गेले तेव्हाही निरोपाच्या भाषणात माझ्याकडे पाहून म्हणाले, "काही जण सावरले, याचा आनंद आहे."

पण माझं फिटलं नाही. मास्तर जुव्यावरून आला तो वेगळाच. पहिल्या वर्षी वाटलं, जाईल भीती. पत्र्याची पेटी माळ्यावर गेली ती खाली आली नाही. कुणी गावात प्रयोग दाखवायला बोलावलं तर म्हणतो, वेळ नाही. शाळेत एका पोराने विचारलं, "सर, भुतां आसतत काय?" तर हा म्हणाला, "आसतीलय, बाबा." ते पोरगं आमच्याच आळीतलं. त्याने घरी येऊन सांगितलं आणि माझी बायको देवाला हात जोडून म्हणाली, "बरा झाला, सुधारलो." मी ताटातला भात कालवत बसलो.

त्याने विश्वास ठेवला तो दगडावर नाही, माझ्यावर. एवढं बोटांवर मोजून, एवढा हिशेब करून तो ज्या उत्तराला पोचला, त्यातली एक बाजू मी खोटी दिली होती.

सांगायची संधी नव्हती असं नाही. पहिल्या दिवशी मालकाची भीती होती. दुसऱ्या दिवशी होडीच मिळाली. मग भीती वेगळी झाली. गाठ सोडली म्हटल्यावर का सोडली तेही सांगावं लागणार, आणि मी त्याला त्या बेटावर झोपलेला टाकून पळत होतो, हे बायकोच्या भावाला कसं सांगायचं? शिवाय पंच्याचं ऐकल्यावर तो हसेल की काय, याचीही भीती होती. आता वाटतं, हसला तर बरंच.

तो दरवर्षी भाऊबीज झाली की जुव्यावर जातो. मांगरातच राहतो, नारळ देतो, कोंबडा देतो. मालकाने भिंत आता हिरवी केली आहे. ती तांबडी कोंबडी जाऊन तिची लेक आली आहे, जागा तीच. मास्तर दरवर्षी मला विचारतो आणि दरवर्षी मी ऑफिसचं काम काढतो. यंदा ओवाळणी झाल्यावर तो म्हणाला, "भावजी, येवा हो. तुमच्यासारखा होय म्हाराजा कोण म्हणणा नाय."

मी काही बोललो नाही. घरात होकार धरला गेला. बायकोने पिशवी खाली काढून उन्हात ठेवली आहे, पंचा आधीच भरलाय.

मी त्याला एक वाक्य देणं लागतो. त्या दगडासमोर, मालकाच्या आणि मालकिणीच्या देखत, माझ्या तोंडाने: मास्तरांनू, माणूस होतो, आणि तो मी.