सकाळचे फोन तिचे होते

रियाधमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचा मी आधार होतो, असं आमच्या मंडळातले जुने लोक अजून सांगतात. निरोपाच्या कार्यक्रमात त्यासाठी मला शालही दिली होती. आता वय झालंय, तेव्हा खरं काय ते लिहून ठेवतो.

मी विमानतळावर जात असे. नवा माणूस आला की त्याला घरी आणायचं, वरणभात खाऊ घालायचा, इकाम्यासाठी, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यासाठी, कुठे जायचं ते समजावायचं. मग तो ओलाया भागातल्या आपल्या ऑफिसात रुळायचा. काही महिन्यांनी त्याची बायको यायची. तिचं पुढे काय होतं, हे मी कधी विचारलं नाही.

स्थानिकांना नोकऱ्या देण्याचे नियम कडक झाले आणि बँकेतली माझी जागा गेली. परतीचे कागद होईपर्यंत घरी बसलो. तेव्हा कळलं, नवरे कामावर आणि मुलं शाळेत गेली की आमचा फोन वाजू लागतो.

एका सकाळी सांगलीकडची एक नवी मुलगी फोनवर होती. तिला परत जायचं होतं.

"बॅग भरलीस? बरं केलंस, कपडे एका जागी राहतात," माझी बायको तिला म्हणाली. "आता पडदा उघड. समोर भिंत आहे? असू दे, उजेड तर येईल. आणि पाण्याचा टँकरवाला 'बुकरा' म्हणाला ना, म्हणजे उद्या. तू आपली परवा धर."

पलीकडे हसू आलं असावं, कारण हीसुद्धा हसली.

"अगं, मीही पहिलं वर्ष रडण्यातच काढलं. यांना अजून पत्ता नाही."

मी शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. फोन ठेवून ती आत आली.

"ऐकलंत वाटतं."

"सबंध वर्ष?"

"झालं गेलं ते आता. चहा घेणार?"

ती मुलगी राहिली. निरोपाच्या दिवशी ती आणि तिच्यासारख्या कितीजणी हिच्याभोवती मागे बसल्या होत्या. माइक माझ्या हातात होता. या फोनांबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो. पण विमानतळाचे किस्से सुरू केले, लोक हसू लागले, आणि ते राहून गेलं. गाडीत ती एवढंच म्हणाली, "किस्से रंगले हं तुमचे."

पुण्याला आलो. "आता वेळ कसा जातो?" म्हणून जो येईल तो मला विचारायचा, आणि ही त्याच्यासाठी चहा ठेवायची. कामं आवरली की ती भाजी निवडायला फोनपाशी येऊन बसे. सुरुवातीला रियाधहून फोन आले, मग कमी होत गेले.

"कुणाचा यायचाय का?" मी एकदा विचारलं.

"नाही हो. कान रिकामे वाटतात."

"मग टीव्ही लाव की," मी म्हणालो.

नोकरी आमच्या घरात दोघांची गेली होती. सांत्वन माझ्या एकट्याचंच झालं.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळी घर शांत झालं की शेजारच्या खोलीतून तिचा आवाज यावा असं फार वाटतं. मला काही सांगू नये तिने. दुसऱ्या कुणाशी तरी बोलत राहावं, आणि मी ऐकावं.