पाच दिवसांची गोळी, दोन महिने

मागच्या मंगळवारी सकाळी आईला गच्चीवर चक्कर आली. मी चहा घेऊन वर गेले, तर ती पिटुनियाच्या कुंड्यांमध्ये भिंतीला टेकून बसलेली... चेहरा पांढराफटक, हात ओल्या कोकोपीटने माखलेले.

आई अडुसष्ट वर्षांची. आम्ही मूळचे अमरावतीकडचे, बाबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे रायपूरचे झालो. बाबा गेल्यावर तिने गच्चीवर फुलं लावायला घेतली आणि या वर्षी पहिल्यांदाच ती पुष्पप्रदर्शनात कुंड्या ठेवणार होती.

इथली काळी माती जड, पाणी धरून ठेवते, पिटुनियाची मुळं सडतात. म्हणून आई कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणते, टबात भिजवते, त्यातल्या खारानं रोपं जळू नयेत म्हणून तीन पाण्यांनी धुते. मग शेणखत आणि वाळू घालून उकिडवं बसून सगळं स्वतः कालवते... गुडघे धरणारच.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सूज आणि दुखणं कमी करायची गोळी लिहून दिली होती. पाच दिवस, जेवणानंतर. पाच दिवसांनी बरं वाटलं, ती पुन्हा कुंड्यांपाशी बसली, पुन्हा दुखलं... आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधून तिने परत गोळ्या आणल्या. मग परत. दोन महिने, रोज दोन, त्यातली सकाळची उपाशीपोटी.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, शौचाला काळं होतं का? आईने माझ्याकडे न बघता होकारार्थी मान हलवली. आठ दिवसांपासून डांबरासारखं होत होतं. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं.

"मले काहून नाही सांगितलं?" मी तिला विचारलं.

"असं कोणी सांगते का पोरीले?" ती म्हणाली. "आन् तू आधीच थकून येऊन राहिली."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, तर पट्टी कात्रीने कापलेली. नाव अर्धं, तारीख गायब. आईच्या डब्यात हृदयासाठीची, रक्त पातळ ठेवायची गोळीही होती. ती बघून डॉक्टर म्हणाले की या दोन्ही एकत्र घेतल्या की रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

दोन्ही गोळ्या एकाच दुकानातल्या! वीस वर्षांची ओळख, आईला "माताजी" म्हणणारा माणूस, आणि एकदाही विचारावंसं वाटू नये की माताजी, ही अजून कशाला?

आईला बरं वाटायला लागलं त्या दुपारी मी ती कापलेली पट्टी घेऊन थेट दुकानात गेले. गर्दी होती, तरी काउंटरवर पट्टी ठेवून सगळ्यांसमोर विचारलं की चिठ्ठीशिवाय दोन महिने ही गोळी कशी दिली. तो आधी म्हणाला, सगळेच घेतात. मग म्हणाला, चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. माझा आवाज चढतच गेला.

तेव्हा तो हळूच म्हणाला, "दीदी, पिछली दो पट्टी तो आप ही ले गई थीं."

खरं होतं. नवा रायपूरच्या ऑफिसमधून परतताना मी स्कूटी बंदही न करता म्हटलं होतं, भैया, मम्मी की घुटने वाली दे दो. नाव मला माहीत नव्हतं. पाच दिवसांची चिठ्ठी आमच्याच फ्रिजवर लावलेली होती, रोज समोर दिसायची... मी ती कधी वाचली नाही.

पण म्हणून त्याची चूक कमी होते असं मला आजही वाटत नाही. औषधं विकायचं लायसन्स त्याच्याकडे आहे, ते विश्वासासाठीच दिलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी औषध विभागात लेखी तक्रार दिली. त्यात हेही लिहिलं की शेवटच्या दोन पट्ट्या चिठ्ठीशिवाय मी स्वतः आणल्या. क्लार्कने वाचून विचारलं, हे कशाला लिहिता? म्हटलं, झालं ते सगळं लिहिते आहे.

आई काल घरी आली. प्रदर्शन हुकलं, त्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय. ज्या दोन अनोळखी माणसांचं रक्त आज तिच्या अंगात आहे, त्यांना मी कधी भेटणार नाही... त्यांचे आभार इथेच मानते.

आणि तुमच्या घरी कुणी दुखण्याची गोळी घेत असेल, तर जवळ बसून विचारा, किती दिवसांपासून, कुणी सांगितली, शौचाला काळं तर होत नाही ना. विचारायला लाज वाटेल. मलाही वाटली असती, आईला सांगायला वाटली, म्हणून तर आठ दिवस गेले.