रेस्ट ब्रेकला बाहेरून कडी

भरारी पथकाची जीप गेटात शिरली आणि मी एका परीक्षार्थी मुलीला खेळाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मुलीचा काही गुन्हा नव्हता. तोवर माझाही नव्हता.

बारावीची परीक्षा, इतिहासाचा पेपर. मी नदीअलीकडचा, मांडवगणचा मास्तर. पर्यवेक्षणाची ड्यूटी लागली होती नदीपलीकडं, दौंड तालुक्यात. माझ्या वर्गात सायली नावाची मुलगी होती. तिला संधिवात. एवढ्या लहान वयातही होतो म्हणे. बोटं आणि गुडघे आखडतात. म्हणून तिला लेखी परवानगीनं रेस्ट ब्रेक मिळाला होता. म्हणजे असं, की तिनं हात वर केला की पेपर बाकावर पालथा ठेवायचा, वेळ टिपायची आणि तिला व्हरांड्यात फिरू द्यायचं. तेवढा वेळ तिला शेवटी परत मिळतो. अट एकच. सोबतच्या माणसानं तिला क्षणभरही नजरेआड करायचं नाही. तेवढ्यासाठी वर्गात एक जादा माणूस दिलेला असतो. तो मी.

पहिला ब्रेक झकास झाला. दुसऱ्या ब्रेकला ती व्हरांड्यात बोटं चोळत उभी होती, आणि जीप आली.

आता माझीही बाजू ऐका. नोकरी लागल्यापासून मी एकच शिकलोय: पथक आलं की जे वेगळं दिसेल ते आधी आत टाकायचं. चहाची किटली, जादा खुर्ची, पेंगणारा शिपाई. पेपर चालू असताना वर्गाबाहेर उभी असलेली मुलगी तर फारच वेगळी दिसत होती. परवानगीचं पत्र माझ्या खिशातच होतं. पण हात खिशाकडं गेला नाही, कडीकडं गेला.

"सर, काय करताय?"

"गप. आलोच."

वर्गात जाऊन मी सभ्य चेहऱ्यानं उभा राहिलो.

पथकाच्या मॅडमनी रिकामा बाक पाहिला. पालथा पेपर पाहिला.

"ही कुठंय?"

"रेस्ट ब्रेकवर, मॅडम." आता मला पत्र आठवलं.

त्यांनी ते नीट वाचलं. "सोबत कोण आहे?"

"मी."

"तुम्ही तर इथं आहात."

मी त्यांना खेळाच्या खोलीकडं घेऊन गेलो.

खोलीची कडी काढली आणि मघाशी घाईत न दिसलेलं सगळं दिसलं. लेझीम, फुसके व्हॉलीबॉल, आणि भिंतीला लागून बारावीच्या जुन्या पुस्तकांची थप्पी. सगळ्यात वरचं पुस्तक इतिहासाचं. परीक्षार्थी, एकटी, बंद खोलीत, पुस्तकांसोबत. कॉपी केस करायला आणखी काय लागतं? वर्ष तिचं जाणार होतं, आणि कडी माझ्या हातची होती.

सायली आमच्याकडं पाठ करून खिडकीशी उभी होती. दोन्ही हात गजांतून कोपरापर्यंत बाहेर.

"वळ इकडं," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकाला हात लावलास?"

"न्हाई. पुस्तकं दिसली तशी खिडकीत आले. हात बाहेर काढले आन् मामांना हाक मारली. म्हटलं, माझ्या हातांकडं बघत ऱ्हावा."

मामा म्हणजे बंदोबस्ताचे पोलीस. ते खिडकीबाहेरच उभे होते.

"व्हय मॅडम," ते बाहेरूनच बोलले. "कडी वाजली आन् लगेच पोरीची हाक आली. तवापासनं नजर हलवली न्हाई. मला वाटलं, डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम हाय."

मॅडमनी एकदा थप्पीकडं पाहिलं, एकदा सायलीकडं. पुस्तकांवरची धूळ त्यांनी वाकून पाहिली. बोटाचा एक ठसा नव्हता.

"मॅडम," सायली म्हणाली, "बोटं पुन्हा आखडाय लागलीत. लिहू का नको, तेवढं सांगा."

"जा, लिही. हा सगळा वेळ तुला शेवटी मिळेल." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही थांबा."

मामांचा जबाब चार ओळींत आटोपला. माझा लांबला. केंद्रसंचालकांनी मला तिथल्या तिथं पाणी वाटायच्या कामाला लावलं. परवानगी असलेली गोष्टही लपवली की चोरीची दिसते, हे मला घागर उचलताना कळलं.

सायलीनं पेपर पूर्ण केला. सगळ्यांत शेवटी ती बाहेर आली तेव्हा मी गेटाशी गाठून म्हणालो, "चुकलो गं. पुढच्या पेपरला काही अडचण आली तर सांग."

तिनं कंपासपेटी पिशवीत टाकली.

"सर, पुढच्या पेपरला सोबत मामाच द्या. त्यांना नुसतं बघत बसता येतं."